‘गोल मेट’ लिहिण्याआधी

पत्र:

ताई, मी जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. सध्या पोस्टिंग जिल्हा रुग्णालयाच्या फिमेल मेडिकल वॉर्डात आहे. केअर प्लॅनसाठी, म्हणजे एका पेशंटच्या काळजीच्या लेखी आराखड्यासाठी, मला अर्धांगवायू झालेल्या ६८ वर्षांच्या आजी मिळाल्या. उजवी बाजू लुळी, बोलता येत नाही, शुगर आहे, लघवीसाठी कॅथेटर आहे, नाकातून पोटापर्यंत रायल्स ट्यूब आणि तिच्यातून दर दोन तासांनी फीड, म्हणजे पातळ अन्न. मी ‘बेडसोअरचा धोका’ (पडून राहून दाबाने कातडीला होणाऱ्या जखमेचा धोका) हे डायग्नोसिस घेतलं. दोन तासांनी कूस बदलणं, बॅक केअर, चादर ताठ ठेवणं, सगळं लिहिलं आणि माझ्या ड्युटीत केलंही. इव्हॅल्युएशनच्या, म्हणजे परिणाम तपासण्याच्या, रकान्यात तीन दिवस ‘गोल मेट’ (ठरवलेलं उद्दिष्ट साधलं) लिहिलं. चौथ्या दिवशी स्पंजिंग करताना माकडहाडावर लाल चट्टा दिसला. आजींची सून म्हणाली, ‘सिस्टर, तुम्ही तर रोज पावडर लावत होता, मग हे कसं झालं?’ मला काही बोलता आलं नाही. वॉर्डातल्या स्टाफ सिस्टर म्हणतात, केअर प्लॅन परीक्षेपुरता असतो, ४० पेशंटला आम्ही दोघी, इव्हॅल्युएशन कुठे करत बसायचं. मैत्रीण म्हणते, ‘नॉट मेट’ लिहू नकोस, मार्क जातील. आता रकान्यात काय लिहू? आणि हे सगळं खरंच फाईलपुरतंच असतं का?
— दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर:

रकान्याचं नंतर बघू, आधी आजींची पाठ. हे उत्तर छापून येईपर्यंत आजी कदाचित घरी गेलेल्या असतील, पण त्या खाटेवर दुसऱ्या आजी येणारच आहेत.

चट्टा दिसला की पहिल्यांदा त्या जागेवरचा भार काढायचा, म्हणजे आजींना कुशीवर घ्यायचं, आणि खिडकीच्या नाहीतर टॉर्चच्या उजेडात नीट बघायचं. चट्ट्यावर बोट हलकेच दोन-तीन सेकंद दाबून सोड. जागा फिकी पडून पुन्हा लाल झाली तर तिथलं रक्त अजून फिरतंय. अशा वेळी भार न देता ठेवून अर्ध्या तासाने परत बघायचं, बहुतेकदा लाली उतरलेली असते. दाबल्यावरही लाली हलली नाही, तर कातडी फुटलेली नसली तरी बेडसोअरची पहिली पायरी गाठली आहे असं समजायचं. आता यात एक अडचण आहे. पुस्तकातल्या चित्रातली पाठ गोरी असते. आपल्याकडच्या सावळ्या, काळ्या कातडीवर हे फिकं पडणं बरेचदा दिसतच नाही. म्हणून बोटांची मागची बाजू लावून बघायचं. शेजारच्या कातडीपेक्षा ती जागा गरम लागते का? घट्ट किंवा पिचपिचीत लागते का? रंग जांभळट झालाय का? हात लावल्यावर आजींच्या कपाळाला आठ्या पडतात का? बोलता येत नाही म्हणून दुखत नाही, असं थोडंच आहे.

मग मोजायचं. ‘लालसर चट्टा’ एवढ्यावर पुढच्या पाळीच्या सिस्टरला काही कळत नाही. किती सेंटिमीटर लांब, किती रुंद, नेमका कुठे, कातडी अखंड की साल निघालेली, हे सगळं हवं. आणि इन्चार्ज सिस्टरना, राऊंडच्या डॉक्टरांना तो त्याच वेळी दाखवायचा. दुसऱ्या दिवशी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवताना, ‘काल दिसला होता’ म्हणून सांगण्यात अर्थ नाही.

पावडरबद्दल सविस्तर लिहिते, कारण सूनबाईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलंय. बॅक केअर म्हटलं की स्पिरिट, पावडर आणि खसाखसा चोळणं ही आपल्या वॉर्डांतली फार जुनी रीत. चांगल्या पाठीवरून हलका हात फिरवला तर पेशंटला बरं वाटतं, त्याला माझी ना नाही. पण हाडावरची जी जागा लाल झाली आहे तिथे अजिबात चोळायचं नाही. आतल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच दबून दुखावलेल्या असतात, चोळण्याने इजा वाढते. स्पिरिटने कातडी कोरडी पडते. पावडर घामात भिजते, तिचे गोळे होतात आणि रात्रभर तेच पाठीखाली टोचत राहतात. कोमट पाण्याने पुसायचं, घासून नाही तर टिपून कोरडं करायचं. शी वारंवार लागत असेल तर झिंकच्या मलमाचा किंवा व्हॅसलीनचा थर द्यायचा. नातेवाईक बाहेरच्या मेडिकलमधून हवा भरायची रबरी रिंग घेऊन येतात तीही नको, कारण रिंगच्या कडेवर भार येऊन मधल्या जागेचं रक्त आणखी अडतं. टाचांखाली पाणी भरलेले ग्लोव्ह्ज ठेवायची युक्तीही सोडून दे. पोटरीखाली उशी किंवा चादरीची घडी दिली की टाच अधांतरी राहते, आणि पाहिजे तेवढंच.

सूनबाईंचा प्रश्न तुला खोचक वाटला असेल. पण त्या दिवशी वॉर्डात खरं इव्हॅल्युएशन त्यांनीच केलं. काय केलं जात होतं आणि त्यातून काय झालं, हे त्यांनी शेजारी-शेजारी ठेवून बघितलं आणि विचारलं.

आता मुख्य मुद्दा. दोन तासांनी कूस बदलूनही हे झालं कसं? मला वाटतं, उत्तर तुझ्या पत्रातच आहे. दर दोन तासांनी फीड. फीड देताना डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश वर घ्यायची आणि नंतर अर्धा ते एक तास तशीच ठेवायची, नाहीतर पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाण्याची भीती. हे बरोबरच आहे. पण जरा हिशोब मांड. सकाळी ६ पासून रात्री १० पर्यंत ९ फीड होतात. प्रत्येकी पाऊण तास धरला तर पावणेसात तास आजी पाठीवर, अर्धवट बसलेल्या. एक बाजू लुळी असलेली बाई अशी बसवली की हळूहळू पायथ्याकडे घसरते. कातडी चादरीला धरून राहते आणि आतलं हाड खाली सरकतं. माकडहाडावर दाब असतोच, त्यात ही ओढ आली की कातडी लवकर हार खाते. मग सून आणि मावशी मिळून काखेत हात घालतात आणि आजींना वर खेचतात. परत कातडी घासली. हे दिवसातून किती वेळा होतं ते एकदा खाटेशी उभी राहून बघ. तुझा कूस बदलायचा तक्ता खरा असेल, पण फीडचा तक्ता त्याची मेहनत रोज पुसून टाकत होता. दोन्ही तक्ते एकाच खाटेला लटकत होते आणि ते एकत्र कोणी वाचले नाहीत.

यावर डोकं खाली करणं हा उपाय नाही. श्वास आधी, पाठ नंतर. पण डोकं ३० अंशांवर ठेवूनही आजींना सरळ पाठीवर ठेवायची गरज नसते. पाठीमागे लांब उशी देऊन त्यांना एका बाजूला ३० अंश कलतं करायचं, म्हणजे माकडहाडही सुटतं आणि खुब्यावरही पूर्ण भार येत नाही. हात घालून बघायचं, माकडहाडाखाली तळवा सहज गेला पाहिजे. डोक्याची बाजू वर घेण्याआधी गुडघ्यांखाली आधार द्यायचा, म्हणजे घसरणं कमी होतं. वर सरकवायचं तर दोघींनी ड्रॉ शीट (पेशंटखाली आडवी घातलेली चादर) धरून उचलायचं, ओढायचं नाही. आणि लुळा हात धरून वळवायचं तर कधीच नाही, त्या बाजूचा खांदा सांध्यातून सरकतो. फीडचं प्रमाण वाढवून वेळा कमी करता येतील का हे डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचार. आपल्या मनाने बदलू नकोस, पण विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता रकाना.

तीन दिवस ‘गोल मेट’ लिहिलंस तेव्हा आजींची पाठ बघून लिहिलंस, की कूस बदलली होती म्हणून लिहिलंस? रागावत नाही, विचारते. तुझ्या वयाच्या बहुतेक मुलींच्या फाईलमध्ये मला दुसरा प्रकार दिसतो. इम्प्लिमेंटेशनच्या रकान्यात लिहिलेलं ‘दोन तासांनी कूस बदलली’ हे इव्हॅल्युएशनच्या रकान्यात थोड्या वेगळ्या शब्दांत परत येतं. पहिला रकाना तुझा आहे, तू काय केलंस त्याचा. दुसरा पेशंटचा आहे. त्यात तुझं नाव, तुझे कष्ट, तुझी पावडर काहीच यायला नको. तिथे फक्त आजींची कातडी कशी आहे ते यायला हवं.

या फाईलचं मूळ जिथे आहे तिथेही हेच सांगितलं होतं. आयडा जीन ऑर्लँडो नावाच्या अमेरिकन परिचारिकेने १९५० च्या दशकात येल विद्यापीठात नर्स आणि पेशंट यांच्यात प्रत्यक्ष काय घडतं याचा अभ्यास केला आणि १९६१ मध्ये तो पुस्तकरूपाने मांडला. नर्सने काही केलं म्हणजे काम झालं असं ती धरत नाही. त्याने पेशंटला उपयोग झाला की नाही, हे पेशंटकडूनच तपासल्यावर काम पुरं झालं असं ती मानते. पुढे त्याचे असेसमेंट ते इव्हॅल्युएशन असे पाच टप्पे झाले, छापील फॉर्म आले, रकाने आले. तपासून बघायचं तेवढं बऱ्याच ठिकाणी गळालं.

रकान्याचा दोष अर्धा तुझ्या ‘गोल’चाही आहे. ‘पेशंटची त्वचा अखंड राहील’ असं लिहिलं असशील. कधीपर्यंत? कुठली त्वचा? कोण बघणार? असं काही लिही: ‘रोज सकाळी ८ ला आणि दुपारी २ ला बघितल्यावर माकडहाड, दोन्ही खुबे, दोन्ही टाचा, डोक्याची मागची बाजू आणि नाकपुडीची कड इथे न उतरणारी लाली नसेल.’ नाकपुडी मुद्दाम घातली. रायल्स ट्यूबचा प्लॅस्टर एकाच बाजूला ताणून लावलेला असतो आणि तिथली कातडी कोणी बघत नाही. कॅथेटर मांडीखालून गेलं असेल तर तिथेही वळ उठतो. असं गोल लिहिलं की इव्हॅल्युएशन वेगळं सुचवावं लागत नाही, आजींना कुशीवर घ्यायचं आणि यादीप्रमाणे बघायचं.

ब्रेडन स्केल वापरतेस का? बेडसोअरचा धोका किती आहे हे सांगणारं, १९८७ सालापासून चालत आलेलं साधं माप आहे. संवेदना, ओलावा, हालचाल वगैरे सहा गोष्टींना गुण द्यायचे, एकूण ६ ते २३. गुण जितके कमी तितका धोका जास्त, १८ किंवा खाली आले तर सावध व्हायचं. तुझ्या वर्णनावरून आजी अकरा-बाराच्या आसपास भरतील, म्हणजे बराच धोका. पहिल्या दिवशी काढलेला आकडा फाईलला चिकटवून ठेवण्यात मजा नाही. जुलाब लागले, ताप आला, जाग कमी झाली की त्याच दिवशी पुन्हा काढायचा.

पाठीवरच फार लिहिलं, तुझं पत्र त्यावर होतं म्हणून. बाकीच्या कामांनाही परत जाऊन बघायची आपापली वेळ असते. शुद्धीवर असलेल्या आणि गिळता येणाऱ्या पेशंटची साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं, म्हणजे साधारण तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून, आणि १५ मिनिटांनी पुन्हा ग्लुकोमीटर लावायचा. होतं काय, साखरपाणी देतात, तेवढ्यात नवी अॅडमिशन येते, आणि दुसरं रीडिंग थेट रात्रीच्या इन्सुलिनच्या वेळी घेतलं जातं. दुखण्याचं इंजेक्शन शिरेतून दिलं तर पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासाने, गोळी दिली तर तासाभराने विचारायचं, आणि आधी ० ते १० मध्ये आकडा विचारला असेल तर नंतरही त्याच मापात विचारायचा. आधी विचारलाच नसेल तर नंतरच्या ‘बरं वाटतंय’ला काही आधार नाही. आजीबाई तर सिस्टरला वाईट वाटू नये म्हणूनही ‘बरंय गं बाई’ म्हणतात.

श्वासाचं एक सांगते, कारण त्याचा मला खरोखर राग येतो. कुठल्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदींचा तक्ता) उघड. ४० पेशंट, ४० जणांचा श्वास २०. तरणी पोरगी, न्यूमोनियाची म्हातारी, दम्याची बाई, सगळ्या मिनिटाला बरोबर २० वेळा श्वास घेतात! मोठ्या माणसाचा श्वास साधारण १२ ते २० असतो, आणि पेशंट बिघडायला लागला की बरेचदा तोच आधी वाढतो, बीपी नंतर घसरतं. नळीने फीड चालू असलेल्या तुझ्या आजींसाठी तर हा आकडा सोन्याचा आहे. फीड श्वासनलिकेत गेलं असेल तर काल १८ असलेला श्वास आज २६ दिसेल. नाडी मोजून झाल्यावर बोटं मनगटावरच ठेव, म्हणजे पेशंटला वाटतं अजून नाडीच चालू आहे, आणि पूर्ण एक मिनिट छातीकडे बघ. मोजतोय हे कळलं की माणूस श्वास बदलतो. ४० जणांचा मोजणं जमणार नाही, मान्य. तुझ्या वाटणीच्या तिघींचा तरी खरा लिही.

लघवीचंही तसंच. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे तासाला निदान अर्धा मिली लघवी व्हायला हवी. आजी ५० किलोच्या धरल्या तर तासाला २५, म्हणजे ८ ते २ च्या मॉर्निंगमध्ये १५० मिली. पिशवीत ९० निघाली तर ‘आउटपुट ९०’ लिहून मोकळं व्हायचं नसतं. नळी मांडीखाली दबली आहे का, पिळली आहे का, पिशवी मूत्राशयाच्या खालीच आहे ना, ओटीपोट फुगलंय का, हे बघायचं आणि मग सिस्टरना सांगायचं. नळीचा पीळ सोडल्यावर भराभरा २०० मिली आली तर तेही लिहायचं. नुसता आकडा वाचून पुढचा स्टाफ मूत्रपिंडाची काळजी करत बसेल.

आता ४० पेशंट आणि दोघी सिस्टर. हे खरं आहे आणि त्याचं खापर तू स्वतःवर घेऊ नकोस. माणसं कमी आहेत हा प्रशासनाचा प्रश्न आहे आणि तो केअर प्लॅन सुबक लिहून सुटत नाही. पण त्या दोघी सिस्टर ४० जणींना सारखं बघतच नाहीत, हे तुझ्या लक्षात आलंय का? मुरलेली सिस्टर ड्युटीवर आली की पहिल्यांदा कुठल्या खाटेकडे जाते, कुणाच्या पायाला हात लावते, कुणाच्या पिशवीकडे नुसती नजर टाकून पुढे जाते, हे आठवडाभर टिपून बघ. ‘केअर प्लॅन परीक्षेपुरता’ म्हणणारीच बाई पॅरासिटामॉल दिलेल्या खाटेशी तासाभराने न चुकता उभी राहते. तिला ते इव्हॅल्युएशन वाटत नाही, सवय वाटते. कागदाबद्दल तिचं म्हणणं मला अर्धं पटतं. सिनियरच्या फाईलवरून उतरवलेली इंग्रजी वाक्यं, प्रत्येक कामापुढे पाठ केलेलं ‘रॅशनल’ (ते काम का करायचं याचं कारण), याने कुठल्याच आजीची पाठ वाचलेली नाही.

जमतं ते असं. पाळीच्या सुरुवातीलाच जास्त धोक्याच्या तीन-चार खाटा ठरवायच्या. कूस बदलणं, फीड, टीपीआर आणि पाठ बघणं एकाच फेरीत जोडायचं, चार वेगळ्या फेऱ्या करायला बसलीस तर एकही होणार नाही. आणि जे काही देशील, करशील, त्याच क्षणी खिशातल्या डायरीत खाट नंबर आणि परत जायची वेळ लिहून टाकायची: ‘१४, ग्लुकोज दिलं १०.१०, बघणे १०.२५’. तुझी पाळी संपेपर्यंत ती वेळ येणार नसेल तर ओव्हरमध्ये द्यायचं, तेही खाटेशी उभं राहून. ‘१४ नंबर स्टेबल’ यात काहीच नसतं. ‘माकडहाडावर चट्टा आहे, तुम्हीही एकदा हात लावून बघा, साडेतीनला परत बघायचाय’ असं सांगितलं की पुढची सिस्टर बघते, निदान तिला न बघायला कारण उरत नाही.

नातेवाइकांशिवाय आपले वॉर्ड चालत नाहीत, हे आपण सगळ्या जाणतो आणि कुठे लिहीत नाही. सूनबाईंचे हात जरूर घे, त्या दिवसभर तिथे असतात. पण नुसतं ‘दोन तासांनी वळवा हं’ सांगून निघून जायचं नाही. एकदा तू करून दाखव, मग त्यांना तुझ्यासमोर करू दे. उशी कुठे लागते, लुळा हात कसा आधार देऊन धरायचा, फीडनंतर लगेच सपाट का झोपवायचं नाही, हे त्यांच्या हातून झालेलं बघ. खाटेला एक कागद लाव, त्यावर वेळ आणि ‘डावी’, ‘उजवी’ एवढंच. पाठ बघायची जबाबदारी मात्र त्यांच्यावर टाकू नकोस. लाली ओळखणं आणि ती किती गंभीर हे ठरवणं तुझं शिक्षण आहे.

मैत्रिणीचा सल्ला राहिला. आधीच्या तीन दिवसांच्या नोंदींना हात लावायचा नाही, व्हाइटनर तर नकोच. आता मागे जाऊन ‘पार्शियली मेट’ करायचा मोह होईल, तो आवर. केसपेपर हा कायद्याने पुरावा असतो आणि ती सवय फाईलवरच लागते. लिहिताना शब्द चुकला तर त्यावर एक रेघ, बाजूला सही आणि वेळ, आत काय होतं ते वाचता आलं पाहिजे. चौथ्या दिवसाची नोंद मी अशी लिहीन, मोजमापं आणि वेळा तू तुझ्या घाल:

‘सकाळी ९.१५. स्पंजिंगच्या वेळी माकडहाडावर ३ × २ सेंमी लाल चट्टा. दाबल्यावर लाली जात नाही. कातडी अखंड, जागा गरम. पेशंट फीडनंतर पायथ्याकडे घसरलेल्या आढळल्या. गोल नॉट मेट. बदल: चट्ट्यावर भार बंद, मसाज व पावडर बंद, डोके ३० अंश ठेवून डावी-उजवी ३० अंश कलती स्थिती, फीडआधी गुडघ्याखाली आधार, ड्रॉ शीटने दोघींनी उचलणे. इन्चार्ज सिस्टर व डॉक्टरांना ९.३० ला दाखवले. सुनेला कलती स्थिती करून दाखवली, तिने करून दाखवली. पुन्हा पाहणी १०.०० ला.’

आणि मग १० वाजता खरोखर जायचं. ‘१०.००. लाली कायम, आकार तोच, कातडी अखंड.’ एवढी एक ओळ.

अशा नोंदीला मार्क कापणारी ट्यूटर मला तरी भेटलेली नाही. ‘नॉट मेट’ लिहून पुढे जागा कोरी सोडली तर मात्र मीही कापीन. गोल गाठलं नाही तर चार शक्यता असतात: माहितीच अपुरी होती, गोल अवास्तव होतं, उपाय चुकीचा होता, किंवा उपाय बरोबर होता आणि तो झालाच नाही. तुझ्या बाबतीत पहिली शक्यता आहे. फीडच्या वेळी आजी कशा बसतात हे असेसमेंटमध्ये नव्हतं. व्हायव्हामध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारलं तर हे वाक्य असंच सांग.

तू मुंबईच्या केईएम रुग्णालयाचा उल्लेख केलेला नाहीस, पण बेडसोअरचा विषय निघाला की मुंबईकडच्या आम्हा जुन्या नर्सेसना तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग आठवतातच. १९७३ मध्ये रुग्णालयातच झालेल्या हल्ल्यानंतर त्या अंथरुणाला खिळल्या आणि १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या तोवर केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्यांच्या प्रकरणात निकाल दिला तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना बेडसोअर झाला नाही याचं सगळ्या देशाला नवल वाटलं. लोक म्हणाले, केवढी माया! माया होतीच. पण मायेला रात्री दोन वाजता झोप येते. पिढ्यान् पिढ्या बदलत्या स्टाफने एका बाईची पाठ राखली ती ड्युटी लिस्ट, ओव्हर आणि रोज पाठ बघणं यांच्या जोरावर, असं मी तरी मानते. कौतुक करताना लोक हा भाग गाळतात आणि नर्सला देवी करून मोकळे होतात.

आजी अजून वॉर्डात असतील तर एक काम उरलंय. त्यांचा डिस्चार्ज होईल तेव्हा चट्टा गेलेला असो वा नसो, घरी तीच पाठ, तीच नळी आणि एकटी सून असणार आहे. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी सूनबाईंना सांग की उद्या घरी असल्यासारखं सगळं तुम्ही करा, मी फक्त बघते. फीड, बसवणं, कलतं करणं, दिवसाउजेडी पाठ बघणं, कातडी फुटली, पाणी सुटलं किंवा ताप आला तर कुठे यायचं हे सांगणं, सगळं. त्या कुठे अडखळतात ते लिहून घे आणि तेवढंच पुन्हा शिकव. शेवटच्या दिवसाच्या रकान्यात तेच जाईल.